बधिर पायावर टेन्स: करंट वाढवला की आराम वाढतो?

मज्जारज्जूला इजा झाल्यावर पाय बधिर होतात, तरी त्यांत जळजळ होते, चमका मारतात. मग टेन्सचं यंत्र येतं, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य करंट देऊन वेदना कमी करायचं यंत्र. पॅड थेट पायावर लागतात आणि ‘काहीच जाणवत नाही’ म्हणून करंट चढत जातो. करंट वाढवला की आराम वाढतो, ही समजूत चुकीची, शिवाय धोक्याची आहे.

टेन्स त्वचेतल्या जाड संवेदी तंतूंना चेतवतं. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांच्या १९६५च्या ‘गेट’ सिद्धान्तानुसार हे तंतू वेदनेची वाट मज्जारज्जूतच अडवतात. करंट किती, हे ठरतं मुंग्यांवरून. बधिर भागात ते मापच उरत नाही. गोंद सुकलेला किंवा कड सुटलेला पॅड असेल तर करंट एका ठिकाणी एकवटतो, कातडी भाजते आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर खालच्या भागातल्या तीव्र उत्तेजनाने रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला, की यंत्र बंद करून रुग्णाला बसवा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

पॅड लावायचे ते इजेच्या पातळीलगत, संवेदना शाबूत असलेल्या कातडीवर. ८० ते १०० हर्ट्झ (सेकंदाला तितके ठोके), २०-३० मिनिटं; मुंग्या स्पष्ट, पण टोचणं नको. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. व्हीलचेअर ढकलून दुखणाऱ्या खांद्यालाही टेन्स वापरून पाहता येतं. पायातल्या जळजळीसाठी मात्र आधी प्रेगाबालिन, गॅबापेंटिनसारख्या औषधांचा विचार होतो.