आकाशाचा वर्गातला प्रवेश : पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांना अवकाशाची गोडी लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. पहिल्या दुर्बिणी, जाहीर व्याख्याने, १९२३ मध्ये म्युनिकला प्रथम दाखवला गेलेला तारांगणाचा प्रक्षेपक हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. शाळांचे चित्र झपाट्याने पालटले ते ४ ऑक्टोबर १९५७ नंतर. त्या दिवशी सोव्हिएत संघाने सोडलेल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाची ‘बीप बीप’ हौशी मंडळींच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ऐकू येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने विज्ञान-गणिताच्या शिक्षणाला भरघोस निधी देणारा कायदा केला. त्यामागे कुतूहलापेक्षा मागे पडण्याची धास्ती मोठी होती. तरीही त्यातून शाळांच्या प्रयोगशाळांना साहित्य मिळाले, हे नाकारता येणार नाही.

त्या काळातले माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेचे आहे. भौतिकशास्त्राचे एक शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओ संचावर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत टिपत. उपग्रह जवळ येताना संकेताची वारंवारता किंचित वाढलेली असे, दूर जाताना ती उतरे. पुस्तकातला डॉप्लर परिणाम मुले कानांनी ऐकत होती आणि त्यावरून उपग्रह सर्वांत जवळ केव्हा आला, याची वेळ काढत होती. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ या सोव्हिएत उपग्रहाची कक्षा नेहमीच्या प्रक्षेपणतळाशी जुळेना. कक्षांचे मार्ग मागे नेत त्यांनी उत्तर रशियात प्लेसेत्स्कच्या परिसरात एक अघोषित तळ असल्याचा निष्कर्ष काढला. सोव्हिएत सरकारने तो तळ अधिकृतपणे मान्य केला १९८३ मध्ये. शाळेतल्या मुलांना खरी निरीक्षणे आणि खरा प्रश्न दिला की काय घडते, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

यानंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे शिक्षकाला अंतराळात पाठवण्याचा. ऑगस्ट १९८४ मध्ये अमेरिकेत घोषणा झाली की अवकाशयानातून जाणारा पहिला सामान्य नागरिक शिक्षक असेल. ११ हजारांहून अधिक शिक्षकांनी अर्ज केले. जुलै १९८५ मध्ये निवड झाली ती सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या एका शिक्षिकेची. त्या कक्षेतून सुमारे १५-१५ मिनिटांचे दोन थेट पाठ घेणार होत्या. त्याखेरीज न्यूटनचे नियम, चुंबकत्व, कागदावर रंगद्रव्ये वेगळी करणे अशी प्रात्यक्षिके चित्रित करायची होती. एक प्रयोग तर फेसाळणाऱ्या गोळीचा होता. वजनरहित अवस्थेत पाण्यातले बुडबुडे वर जात नाहीत, कारण तिथे ‘वर’ नावाची दिशाच उरत नाही. तीच गोळी वर्गात पेल्यातल्या पाण्यात टाकून मुलांना दोन्हींची तुलना करता आली असती.

२८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत त्यांना घेऊन निघालेले चॅलेंजर हे यान नष्ट झाले आणि त्यांच्यासह सातही जण गेले. असंख्य मुले ते उड्डाण शाळेतच थेट पाहत होती. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या बाजूच्या रॉकेटच्या, सांध्यांतली रबरी कडी नीट काम करतील याची खात्री नाही, उड्डाण करू नये, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. तो सल्ला डावलला गेला.

शिक्षिकेला पाठवणे हा निव्वळ प्रसिद्धीचा खटाटोप होता, अशी टीका नंतर झाली आणि आजही होते. प्रसिद्धीचा हेतू होताच. पण त्या पाठांचा आराखडा पाहिला तर ती टीका अपुरी वाटते. शैक्षणिक कल्पना भक्कम होती. दोष होता तो अवघ्या चार चाचणी उड्डाणांनंतर, १९८२ मध्ये, यान नेहमीच्या वापरासाठी सज्ज आहे असे ठरवून टाकण्यात. धोका किती आहे, हे शिक्षक, पालक आणि मुले यांच्यापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचलेच नाही. राखीव म्हणून निवडलेल्या दुसऱ्या शिक्षिका रीतसर अंतराळवीर होऊन ऑगस्ट २००७ मध्ये कक्षेत गेल्या. राहून गेलेल्या प्रात्यक्षिकांपैकी काही २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर चित्रित झाली. ती करणारे दोघेही आधी शिक्षकच होते.

दरम्यान कमी खर्चाचे मार्ग रुजले. २००० च्या अखेरीपासून शाळा हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी मंडळींच्या रेडिओवरून, या स्थानकाशी थेट बोलू लागल्या. स्थानक एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे आवाक्यात असते. त्यामुळे मुले प्रश्न घोटून ठेवतात, रांगेत उभी राहतात आणि प्रत्येक प्रश्नाअखेर ‘ओव्हर’ म्हणतात. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बीण जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या आकाशाच्या चिमुकल्या तुकड्यावर दहा दिवस रोखली गेली आणि त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दिसल्या. ती निरीक्षणे राखून न ठेवता लगेच खुली केली गेली. २००७ मध्ये सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण सर्वसामान्यांच्या हाती सोपवले गेले. त्यात एका डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र तेजस्वी डाग दिसला. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. त्याला उजळवणारे दीर्घिकेचे केंद्र मात्र आता बरेच मंदावले आहे.

जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलेल्या जुनो यानावर तर एक कॅमेरा मुख्यतः लोकसहभागासाठीच बसवला गेला. त्याची कच्ची छायाचित्रे खुली असतात. ती जुळवून त्यांतून गुरूची रंगीत चित्रे तयार करण्याचे बरेचसे काम हौशी मंडळीच करतात आणि त्यात विद्यार्थ्यांनाही तितकाच वाव आहे.