मीड-सभागृह

राजाने आपल्या योद्ध्यांना मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, पाजण्याचे लाकडी सभागृह. प्राचीन इंग्रजी व वेल्श वीरकाव्यांत राजा आणि योद्धा यांचे नाते येथेच जुळते. पेला, हातातली कडी, तलवार राजाने द्यावी आणि प्यालेल्या मद्याला योद्ध्याने रणांगणावर जागावे, असा हा अलिखित करार.

‘बेओवुल्फ’ या इंग्रजी महाकाव्यातील डेन राजा ह्रोथगार याचे हेओरॉट हे सभागृह सर्वांत प्रसिद्ध. तेथे राणी वेआल्थेओव प्रथम राजाच्या हाती पेला देते, मग लहानथोर योद्ध्यांमधून फिरत शेवटी पाहुणा म्हणून आलेल्या काव्यनायक बेओवुल्फपाशी येते. पेला घेऊनच तो प्रतिज्ञा करतो : ग्रेंडेल राक्षसाला मारीन, नाहीतर याच सभागृहात मरेन. पुढे त्यांच्या झुंजीत सोन्याने मढविलेली बाके जमिनीतून उखडली जातात. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली इमारत मात्र तगते. ती पुढे आगीत जाणार, हे कवीने सभागृह उभे राहताच सांगून टाकले आहे.

हेओरॉट कोठे होते, हा जुना वाद आहे. काव्यात गावाचे नाव नाही. स्कँडिनेव्हियन परंपरा या राजकुळाची गादी डेन्मार्कमधील शेलँड बेटावरील लायरे येथे सांगते. तेथे १९८६–८८ च्या उत्खननात सु. ४८ मी. लांबीच्या सभागृहाच्या खुणा मिळाल्या. पण ती इमारत सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर काव्यात उल्लेखिलेली, बेओवुल्फचा मामा हिगेलाक राजा याची स्वारी फ्रँकिश (फ्रँक या जर्मानिक लोकांच्या) साधनांवरून इ. स. ५२० च्या आसपासची मानली जाते; म्हणजे काव्यातील काळ त्याहून आधीचा ठरतो. २००४–०५ मध्ये जवळच सापडलेले सहाव्या शतकातील सभागृह कालदृष्ट्या अधिक जुळते. तरीही लायरेला काव्यपरंपरेची पार्श्वभूमी मानणेच सयुक्तिक. कवीसमोर इंग्लंडमधील सभागृहेही असणार. नॉर्थंब्रियातील येव्हरिंग येथे सातव्या शतकातील अशी भव्य लाकडी सभागृहे उजेडात आली आहेत. काव्याचे हस्तलिखित इ. स. १००० च्या सुमाराचे आहे. रचनाकाल आठव्या ते अकराव्या शतकांदरम्यान निरनिराळा सांगितला जातो. छंदाचा पुरावा आठव्या शतकाकडे झुकतो.

‘वाय गोदोदिन’ या वेल्श काव्यात मेजवानी वर्षभर चालते आणि काट्राएथच्या लढाईत पडलेले वीर मीडचे मोल प्राणांनी चुकते करतात. त्याचे उपलब्ध हस्तलिखित तेराव्या शतकातील आहे.