रस्त्याच्या भरावासाठी एकलहऱ्याची राख: अर्ज कुठे अडतो, काय जोडायचं

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकात रस्त्यांची कामं जोरात आहेत आणि मुरमाऐवजी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख भरावात चालेल का, असं ठेकेदार विचारतात. चालते. राखेसाठीचे अर्ज मात्र बऱ्याचदा त्रुटी लागून परत येतात, आणि कारणं ठरलेली असतात.

अर्ज रस्त्याचं काम ज्यांच्या नावावर आहे त्यांनी करायचा, म्हणजे संबंधित यंत्रणेनं किंवा तिच्या ठेकेदारानं. वर्क ऑर्डर, पॅन, जीएसटी आणि गाड्यांची यादी जोडायची. इथे सहसा कुणी अडत नाही.

पहिली गफलत ‘मोफत’ या शब्दाची. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्तेकामांना राख वापरणं बंधनकारक आहे, पण ती साइटवर फुकट पोचवली जात असेल तर. राखेला दुसरीकडे गिऱ्हाईक असेल, तर आपसात ठरेल त्या अटींवर वीज केंद्र पैसे घेऊ शकतं, हेही त्याच अधिसूचनेत आहे. लोक पहिलं वाक्य वाचून निविदेत वाहतुकीचा खर्च शून्य धरतात आणि मग रडतात. राखेचा दर आणि वाहतूक कुणाकडे, हे निविदा भरण्याआधी लेखी घ्या.

दुसरं, कुठली राख ते स्पष्ट लिहा. हॉपरमधली, म्हणजे धुरातून वेगळी करून साठवलेली कोरडी राख सिमेंटवाले उचलतात. भरावाला तलावातली राख, म्हणजे पाँड अॅश, चालते. अर्जात नुसतं ‘फ्लाय अॅश’ लिहू नका.

खरी अडचण येते प्रयोगशाळेच्या अहवालावर. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत, कलम 305 खालच्या तक्त्यात, 3 मीटर उंचीपर्यंतच्या भरावाच्या मातीला किमान 15.2 किलोन्यूटन प्रति घनमीटर घनता हवी असं आहे. राख हलकी, ती तिथवर पोचतच नाही. मग टेबलावरचा माणूस लाल पेनानं ‘नापास’ लिहून फाइल खाली पाठवतो. त्याच तक्त्याखाली पहिली टीप आहे: राखेसारख्या हलक्या भरावाला हा तक्ता लागू नाही. ती कुणी वाचत नाही, आणि वाचायला लावणं आपल्याच गळ्यात पडतं. त्या पानाची प्रत टीप अधोरेखित करून अहवालालाच टाचा.

अहवालात सल्फेटची चाचणीही हवी. प्रॉक्टर (दाबल्यावरची घनता), सीबीआर (भार पेलण्याची ताकद) या चाचण्या सगळे करून आणतात, ही राहते. विद्राव्य सल्फेट लिटरला 1.9 ग्रॅमच्या वर असेल, तर तो माल काँक्रीटपासून 500 मिलिमीटरच्या आत टाकता येत नाही. रस्त्यात बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी असेल तर हा प्रश्न येणारच. नमुना ज्या तलावातून राख उचलायची त्याच तलावाचा घ्या. दुसऱ्या साइटचा जुना अहवाल जोडू नका, लगेच कळतं.

आडव्या छेदाच्या नकाशात राखेच्या दोन्ही बाजूंना मातीचं आवरण दाखवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या एसपी 58 प्रमाणे ते साधारण 1 ते 3 मीटर लागतं. आवरण नसेल तर उघडी राख पहिल्याच पावसात वाहून जाते.

अंबड-सातपूरच्या फाउंड्रीतली (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातली) वापरलेली रेती भरावात वापरायची असेल, तर आधी ती तपासून घ्या. धोकादायक कचऱ्यात मोडली, तर 2016 च्या नियमांतला नियम 9 लागतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र वापरणाऱ्यालाच काढावं लागतं. फाउंड्रीच्या संमतीपत्राची झेरॉक्स चालत नाही. मंडळाला 120 दिवसांची मुदत असते, पण ती अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून. तुम्ही आवक शिक्का मारून घेतला त्या दिवसापासून मोजत बसू नका. त्या मालासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यपद्धती उपलब्ध नसेल, तर आधी चाचणी वापराची परवानगी लागते. चालू वर्क ऑर्डरच्या मुदतीत हे बसेलच असं धरू नका.

मंजुरीनंतर गाड्या ताडपत्री बांधूनच काढा आणि प्रत्येक खेपेची वजनपावती जपून ठेवा. बिलाच्या वेळी त्याच मागतात.