पूर्वयोगी पदबंध, इंग्रजीतील

पूर्वयोगी अव्यय आणि त्याला जोडून येणारे नाम यांचा इंग्रजीत होणारा शब्दसमूह. उदा., ‘ॲट होम’, ‘ऑन फुट’, ‘बाय मिस्टेक’. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात आणि ती नामानंतर येतात (‘घरी’, ‘पायी’, ‘चुकून’). इंग्रजीत संबंधदर्शक शब्द नामाआधी येतो, म्हणून तो ‘पूर्वयोगी’. रोजच्या इंग्रजीत असे अनेक पदबंध ठरावीक साच्यांत वारंवार येतात. येथे त्या साच्यांचाच विचार केला आहे.

प्राचीन इंग्रजीत (सु. ४५०–११००) नामाचा वाक्यातील संबंध बऱ्याच अंशी विभक्तिरूपांनी कळे. शब्दांती येणारे स्वर अस्पष्ट होऊन प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम अव्ययांकडे आले, असे सामान्यतः मानतात. अव्ययांचा वापर आधीच वाढला होता, त्यामुळे प्रत्यय टिकण्याची गरज उरली नाही, असा उलट क्रमही मांडला जातो. दोन्ही प्रक्रिया एकमेकींना पूरक असाव्यात. या उलथापालथीत अव्ययांचे अर्थही सरकले. ‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’. तो ‘विथस्टँड’ या क्रियापदात टिकून आहे. ‘सह’ या अर्थाचा मूळ शब्द ‘मिड’ मागे पडला. ‘मिडवाइफ’ (सुईण) या शब्दात तो उरला असावा. तसे असल्यास मूळ अर्थ ‘स्त्रीसोबत असणारी’ असा होतो.

संबंधवाचक ‘ऑफ’चा (of) इतिहास अधिक वादग्रस्त आहे. याचा मूळ अर्थ ‘-पासून, दूर’ असा अपादानाचा. ‘दूर’ अर्थाचा आजचा ‘ऑफ’ (off) हे त्याच शब्दाचे आघातयुक्त रूप. षष्ठीच्या अर्थाने त्याचा झालेला प्रसार १०६६ मधील नॉर्मन विजयानंतरच्या फ्रेंच संपर्कामुळे, म्हणजे ‘द’ (de) या फ्रेंच अव्ययाच्या अनुकरणाने झाला, हे मत बराच काळ रूढ होते. तथापि अंश दाखवणारे असे काही प्रयोग त्याआधीही आढळतात. त्यामुळे बदल आतून सुरू झाला व फ्रेंचने त्याला बळ दिले, हे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

काही पदबंध इतके एकजीव झाले आहेत की ते आता एकच शब्द भासतात. ‘अलाइव्ह’, ‘अस्लीप’ व ‘अशोअर’ यांच्या आरंभीचा ‘अ’ म्हणजे झिजलेला ‘ऑन’. ‘बिकॉज’मध्ये ‘बाय’, ‘इन्स्टेड’मध्ये ‘इन’ आणि ‘ओ क्लॉक’मध्ये ‘ऑफ’ आहे. ‘ट्वाइस अ डे’ (दिवसातून दोनदा) यातील ‘अ’ आज उपपद (आर्टिकल) समजला जातो, पण मुळात तोही ‘ऑन’च. चालू क्रियेच्या रूपाचा (‘ही इज हंटिंग’) वाद येथेच येतो. एका मतानुसार ते ‘ऑन हंटिंग’, म्हणजे ‘शिकारीवर’, अशा पदबंधातून ‘अ-हंटिंग’ या पायरीने आले. अमेरिकेतील ॲपलॅचियन पर्वतप्रदेशाच्या बोलीत ही पायरी अलीकडेपर्यंत ऐकू येत होती. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘-एंडे’ प्रत्ययान्त धातुसाधितात आहे. वेल्श या वेल्सच्या केल्टिक भाषेतील समांतर रचनेकडे बोट दाखवून केल्टिक प्रभाव मानणारेही आहेत. पहिल्या दोन रचना मध्य इंग्रजीच्या काळात (सु. ११००–१५००) एकमेकींत मिसळल्या, हे गृहीत धरल्यास बहुतेक पुराव्यांची संगती लागते.

आजच्या साच्यांपैकी उपपदरहित नामाचा साचा विशेष लक्षणीय आहे. ‘ॲट स्कूल’ म्हणजे विद्यार्थी म्हणून शाळेत. ‘ॲट द स्कूल’ म्हणजे त्या इमारतीपाशी. उपपद गळाले की स्थळाऐवजी तेथील भूमिका पुढे येते. रुग्णासाठी ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकन मात्र ‘इन द हॉस्पिटल’. काळासाठी घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला ‘ऑन’ आणि महिना-वर्षाला ‘इन’ ही वाटणी परिचित आहे. ‘ॲट नाइट’ तिच्यात बसत नाही.

‘डे बाय डे’, ‘स्टेप बाय स्टेप’, ‘फेस टू फेस’ या साच्यात एकच नाम उपपदाशिवाय दोनदा येते. मराठीतील ‘दिवसेंदिवस’, ‘पावलोपावली’, ‘समोरासमोर’ ही रूपे त्याला जवळची आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेनडॉफ यांनी २००८ मध्ये या साच्याची सविस्तर चिकित्सा केली. ‘बाय’, ‘फॉर’, ‘टू’, ‘आफ्टर’, ‘अपॉन’ अशी मोजकीच अव्यये त्यात मुक्तपणे येतात. ‘पेज आफ्टर पेज’सारखे पदबंध नामाच्या जागीही बसतात, ‘स्टेप बाय स्टेप’ मुख्यतः क्रियाविशेषणच राहतो.

‘इन स्पाइट ऑफ’सारख्या (‘असूनही’) त्रिशब्दी समूहांना व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क व सहकारी (१९८५) संयुक्त अव्यये मानतात, परंतु एकजिनसीपणाच्या पायऱ्याही सांगतात. व्याकरणकार हडलस्टन व पुलम (२००२) यांना हा वर्गच मान्य नाही. ‘ऑन बिहाफ ऑफ’च्या जोडीला ‘ऑन माय बिहाफ’ चालते, तर ‘इन स्पाइट ऑफ’चे तसे रूप होत नाही. एकच निकष सर्वांना लावता येत नसल्याने पायऱ्यांची कल्पना अधिक उपयुक्त ठरते.

मोठ्या भाषासंचयांच्या (प्रत्यक्ष वापरातील मजकुरांच्या संग्रहांच्या) अभ्यासाने या विषयाला निराळे वळण दिले. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी १९९१ मध्ये संबंधवाचक ‘ऑफ’ला इतर अव्ययांपासून वेगळे काढून स्वतंत्र वर्गात ठेवावे, असे सुचवले. डग्लस बायबर व सहकाऱ्यांच्या व्याकरणात (१९९९) ‘ॲट दि एंड ऑफ द’ यांसारखे पदबंधमूलक, वारंवार एकत्र येणारे शब्दगट शास्त्रीय गद्यात ठळक दिसतात. संभाषणातील नेहमीचे शब्दगट बहुधा क्रियापदाभोवती बांधलेले असतात. बोलण्यातील नवे प्रयोग मात्र थांबलेले नाहीत. ‘ऑन पर्पज’च्या सादृश्याने अमेरिकेतील तरुण पिढीत ‘बाय ॲक्सिडेंट’ऐवजी ‘ऑन ॲक्सिडेंट’ ऐकू येते.