ड्रॅग रेसची गाडी आणि हलक्या बॅटरीचा हिशेब

ड्रॅग रेस म्हटले की मुंबईच्या हौशी मंडळींना लोणावळ्यापलीकडची अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी आठवते. सरळ डांबरी पट्टा, शेजारी-शेजारी उभ्या दोन गाड्या, समोर पाव मैल म्हणजे ४०२ मीटरचे अंतर, आणि दिवा हिरवा झाल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत सगळा निकाल. अशाच एका शर्यतीसाठी कुर्ल्याच्या माझ्या एका मित्राने आपली सेडान महिनाभर खपून तयार केली होती. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा उतरवला आणि शेवटी पंधरा किलोंची शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी जेमतेम एक किलोची लिथियम बॅटरी बसवली. शर्यतीच्या सकाळी तो इंजिन चालू ठेवून रांगेत उभा होता. पुढे दोनच गाड्या उरल्या असताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम विझले आणि इंजिन बंद पडले. किल्ली फिरवली तर सेल्फचा साधा टक् असा आवाजही येईना. आम्ही चौघांनी गाडी ढकलत बाजूला घेतली.

बॅटरी खराब नव्हती. चुकली होती ती निवड. हलकी बॅटरी घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न वजनाचा विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आणि त्याचे कारण साध्या गणितातच सापडते.

ड्रॅग रेसमध्ये पाव मैलासाठी लागणारा वेळ हा वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, असा एक जुना आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह ठोकताळा आहे. त्यानुसार वजन एक टक्क्याने घटले तर वेळ साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटतो. मित्राची गाडी चालकासह १२०० किलोंची आहे असे धरू. पंधरा किलोंच्या जागी तीन किलोंची बॅटरी आली तर १२ किलो, म्हणजे नेमका एक टक्का वाचतो. १४ सेकंदांच्या धावेत ही बचत ०.०४७ सेकंदाची होते. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एवढ्या वेळात ती सुमारे दोन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे अर्ध्या गाडीइतकी. बोनेटच्या लांबीने शर्यती हरणाऱ्यांना हे अंतर लहान वाटणार नाही. मात्र मित्राने तीनऐवजी एक किलोची बॅटरी घेऊन जे आणखी दोन किलो वाचवले, त्यांची किंमत याच हिशेबाने ३५ सेंटीमीटरही होत नाही, आणि त्या ३५ सेंटीमीटरसाठी त्याची धावच झाली नाही.

लिथियम बॅटरी इतकी हलकी का असते, याचे उत्तर मूलद्रव्यांतच आहे. शिशाचा अणुभार २०७, तर लिथियमचा सुमारे ७. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाची बॅटरी तयार केली. आजही आपल्या गाड्यांत तिचीच सुधारलेली आवृत्ती असते आणि ती दर किलोमागे ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठवते. गाडीसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हा आकडा १०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले, आणि १९९७ सालच्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन नावे आहेत. गुडइनफ यांना २०१९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. पाधी आणि नंजुंडस्वामी ही नावे मात्र आपल्याकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही फारशी ठाऊक नसतात, याचे मला वाईट वाटते.

या पदार्थात सुरुवातीला एक मोठी उणीव होती: तो विजेचा फार वाईट वाहक आहे. त्याचे कण नॅनोमीटरच्या मापाचे करून त्यांवर कार्बनचा पातळ थर दिला, तेव्हा कुठे त्यातून मोठा प्रवाह निघू लागला. शर्यतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक इथेच आहे, कारण साठवलेली ऊर्जा आणि ती बाहेर पडण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसचा डबा आणि आपल्या लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत समजा तेवढीच माणसे बसली आहेत. एक्स्प्रेसच्या डब्याला दोन टोकांना अरुंद दारे असतात, त्यामुळे दादरला डबा रिकामा व्हायला काही मिनिटे लागतात. लोकलची रुंद दारे मधोमध असल्याने तीच गर्दी अर्ध्या मिनिटात फलाटावर येते. जास्त प्रवाहासाठी बनवलेल्या सेलमध्ये इलेक्ट्रोडचे थर पातळ ठेवून लिथियमच्या आयनांना अशीच जवळची दारे दिलेली असतात. त्यामुळे साठवण थोडी घटते, पण क्षणार्धात शेकडो अँपियर मिळतात. अमेरिकेतील ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीच्या अशाच सेलवर धावणाऱ्या ‘किलासायकल’ या विजेच्या ड्रॅग मोटरसायकलने २००७ साली पाव मैल आठ सेकंदांच्या आत पार केला होता. लॅमिंग्टन रोडवर सुटे सेल घेऊन घरी बॅटरी जोडण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: इन्व्हर्टरसाठी किंवा ई-रिक्षासाठी बनवलेला सेल त्याच रसायनाचा असला तरी त्याची दारे अरुंद असतात आणि सेल्फच्या झटक्याला तो पुरा पडत नाही.

आता मित्राच्या बॅटरीकडे वळू. तिच्यावर ठळक अक्षरांत १८ अँपियर-तास (म्हणजे १८ अँपियरचा प्रवाह तासभर पुरेल एवढी वीज) असे छापलेले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत हा आकडा ‘शिशाच्या बॅटरीशी समतुल्य’ असल्याचे म्हटले होते. अर्थ असा, की ही बॅटरी १८ अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरीइतक्या जोमाने सेल्फ फिरवते. तेवढी वीज तिच्यात साठते असा दावा त्यात नाही. खरी क्षमता काढण्याची युक्ती सोपी आहे. मालवाहतुकीच्या नियमांमुळे लिथियम बॅटरीवर वॅट-तासांचा आकडा छापावा लागतो. त्याला बॅटरीच्या १२.८ व्होल्टने भागले की खरे अँपियर-तास मिळतात. मित्राच्या बॅटरीच्या तळाशी ७६.८ हा आकडा होता, म्हणजे क्षमता फक्त ६ अँपियर-तास. आकडा सापडला नाही तर बॅटरी सरळ काट्यावर ठेवावी. एक किलोच्या डब्यात या रसायनाची शंभर-सव्वाशे वॅट-तासांपेक्षा फार जास्त ऊर्जा मावत नाही. लेबल काहीही सांगो. गॅरेजमध्ये आम्ही ती बॅटरी उघडली तेव्हा मोठ्या काळ्या डब्याच्या तळाशी चार चपटे सेल चिकटवलेले होते आणि उरलेली जागा फोमच्या तुकड्यांनी भरलेली होती. यात फसवणूक नव्हती. डबा जुन्या बॅटरीच्या मापाचा ठेवला की तो जुन्याच जागेत घट्ट बसतो.

सहा अँपियर-तास पुरतात की नाही, हे गाडीच्या मागणीवर ठरते. सेल्फ २०० अँपियर ओढतो, पण तीनच सेकंद. याचा हिशेब केला तर ०.१७ अँपियर-तास एवढीच वीज खर्च होते. तहान लागते ती रांगेत उभे असताना. मित्राच्या गाडीत फ्यूल पंप, इग्निशन, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि रेडिएटरचा फॅन मिळून वायरीतला प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर सुमारे ४० अँपियर दिसत होते. अल्टरनेटरचा पट्टा काढलेला असल्याने हा सगळा भार एकट्या बॅटरीवर होता, आणि सहा अँपियर-तासांची बॅटरी ४० अँपियरच्या भाराखाली नऊ मिनिटांत संपते. रांग त्याहून लांब होती. पट्टा काढून मिळवलेला फायदाही तपासून पाहण्यासारखा आहे. १४ व्होल्टला ४० अँपियर म्हणजे ५६० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनावर त्याचा भार सव्वा अश्वशक्तीच्या आसपास पडतो. व्यावसायिक ड्रॅग गाड्या अल्टरनेटरशिवाय धावतात हे खरे, पण दोन धावांच्या मध्ये त्यांची बॅटरी चार्जरला लावायला वेगळा माणूस असतो.

बॅटरी संपण्याआधी कळले कसे नाही, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांनी विचारला. शिशाच्या बॅटरीचे व्होल्टेज हळूहळू उतरत जाते, हेडलाइट मंद होतात, सेल्फ रडू लागतो आणि चालक सावध होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज मात्र बहुतांश क्षमता संपेपर्यंत जवळपास सपाट राहते आणि शेवटी कड्यावरून घसरावे तसे कोसळते. सेलचे नुकसान होऊ नये म्हणून आतले संरक्षक सर्किट त्या क्षणी जोडणीच तोडून टाकते. त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली याचा अंदाज येत नाही. आत-बाहेर गेलेले अँपियर मोजणारा शंट बसवावा लागतो.

हाच सपाटपणा शर्यतीत मात्र वरदान ठरतो. गॅरेजमध्ये आम्ही मल्टीमीटर लावून दोन बॅटऱ्या पाहिल्या होत्या. सेल्फ मारताच जुनी शिशाची बॅटरी १२.५ वरून थेट १० व्होल्टपर्यंत बसली, तर चांगली लिथियम १२ च्या आसपास टिकून राहिली. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध १० मिलिओहम असेल तर २०० अँपियरला २ व्होल्ट आतल्या आत जिरतात. तोच रोध ३ मिलिओहम असेल तर फक्त ०.६. धावेत याचा परिणाम फ्यूल पंपावर होतो. व्होल्टेज उतरले की पंप कमी पेट्रोल देतो, टर्बोचा दाब वाढत असतानाच पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण जोराने चालणारे इंजिन पिस्टन वितळवू शकते. इंजिनाच्या जिवाचा विचार केला तर भाराखाली न हलणारे व्होल्टेज हे बारा किलोंच्या बचतीपेक्षा मला कितीतरी मोलाचे वाटते.

रसायन निवडताना फारसा गोंधळ नको. आयर्न फॉस्फेटच्या एका सेलचे व्होल्टेज ३.२ असते, चार सेल मिळून १२.८ होतात आणि पूर्ण भरल्यावर १४.६, म्हणजे गाडीच्या मूळ यंत्रणेशी ते अलगद जुळते. मोबाइल-लॅपटॉपमधले सेल ३.६-३.७ व्होल्टचे, तीन जोडले तर कमी पडतात आणि चार जोडले तर पूर्ण भरल्यावर १६.८ पर्यंत चढतात. शिवाय फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध मजबूत असल्यामुळे आयर्न फॉस्फेट तापले तरी सहजी ऑक्सिजन सोडत नाही आणि आगीला आतून खतपाणी मिळत नाही. २०१३ च्या जानेवारीत बोइंग ७८७ विमाने जगभर जमिनीवर उतरवावी लागली, तेव्हा त्यांतल्या बॅटऱ्या कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या. तरीही ‘ही बॅटरी पेटतच नाही’ असे कोणी दुकानदार सांगत असेल तर ते चूक आहे. आतला विद्रावक ज्वलनशील असतो आणि फुटलेल्या सेलमधून निघणारा वायू पेट घेतो.

म्हणूनच बॅटरी कुठे आणि कशी बसवायची याला एवढे महत्त्व आहे. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांनुसार बॅटरी चालकाच्या कक्षात ठेवता येत नाही, आणि ती मूळ जागेवरून हलवली असेल तर गाडीच्या अगदी मागच्या भागावर, बाहेरून हात पोहोचेल असा, सगळी वीज तोडणारा आणि इंजिनही बंद पाडणारा स्विच बसवावा लागतो. मागची चाके फिरणाऱ्या गाडीत बॅटरी डिक्कीत नेली की पकड वाढते. हे वाचून आपल्याकडचे अनेक जण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्येही बॅटरी डिक्कीत हलवतात, आणि तिथे परिणाम नेमका उलटा होतो: सुटताना वजन आधीच मागे झुकते, पुढची चाके हलकी होतात, आणि आपण त्यांच्यावरचा उरलासुरला भारही काढून घेतो. त्यात केबलचे वजन वेगळेच. ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर केबलमधले नुसते तांबेच सव्वा किलो भरते, आणि २०० अँपियरला त्यात सुमारे ०.४ व्होल्ट जातात.

मुंबईत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. पावसाळ्यानंतर आम्ही मित्राच्या गाडीतला अर्थिंगच्या केबलचा लग (टोकाची धातूची कडी) सोडला तेव्हा बोल्टखाली हिरवट पूड जमली होती. अशा सांध्यात ५ मिलिओहम जरी रोध वाढला तरी सेल्फ मारताना एक व्होल्ट तिथेच जातो आणि त्या एका लगवर २०० वॅट उष्णता तयार होते. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट नीट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली की काम होते, आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये हा इशारा इथे गैरलागू आहे. आपल्याकडे काळजी घ्यायची ती उष्णतेची. अनेक सेलसाठी ४५ अंशांवर चार्जिंग वर्ज्य असते, आणि मे महिन्यात एक्झॉस्टजवळच्या बोनेटखाली हा आकडा इंजिन बंद केल्यावरही तासभर टिकतो. बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला लावावी, आणि चार्जर लिथियमचाच असावा. शिशाच्या बॅटरीवरचे सल्फेट काढण्यासाठी जुने चार्जर जे जादा व्होल्टेजचे झटके देतात, ते लिथियमच्या सेलना मारतात. सोसायटीच्या जिन्यात किंवा घराच्या दाराजवळ रात्रभर चार्जिंग तर कधीच लावू नये, कारण आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाट तीच असते.

मित्राने पुढच्या मोसमासाठी २० खऱ्या अँपियर-तासांची, साडेतीन किलोंची बॅटरी घेतली, ती पुढेच मूळ जागी धातूच्या पट्टीने आवळली आणि अल्टरनेटरचा पट्टा परत चढवला. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जायचा त्याचा विचार आहे. ही बॅटरी २५६ वॅट-तासांची असल्याने ती विमानात सामानातून नेता येणार नाही. प्रवाशांसाठी मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि विमान कंपनीच्या परवानगीने १६० ची. त्यामुळे बॅटरी गाडीतच ठेवून, निगेटिव्ह टर्मिनल सोडून, ट्रेलरवरून गाडी आणि बॅटरी एकत्रच रस्त्याने जाणार आहेत.