एकाच फोर्टवरची दोन बालपणं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर जे लष्करी फोर्ट होते, तिथली मुलं सगळी सारखीच वाढली, असा सर्रास समज आहे. दिवस खरोखरच एकाच तालावर चालायचा. पहाटे बिगुल, सूर्यास्ताला तोफ आणि झेंडा खाली. पण 'ऑफिसर्स रो'मधलं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या घरांच्या ओळीतलं मूल आणि 'सोपसड्स रो'मधलं, म्हणजे पलटणीचे कपडे धुणाऱ्या बाईचं मूल, यांची गल्लत करू नये.

1802 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला, म्हणजे सैनिकांच्या तुकडीला, चार परटिणी ठेवता येत. त्या बहुतेक सैनिकांच्याच बायका. त्यांना रोजचं एक रेशन, राहायला जागा आणि लष्करी डॉक्टरचे उपचार मिळत. धुलाईचे दर फोर्टवरच ठरत आणि पैसे पगाराच्या दिवशी वसूल होत. पगार दोन महिन्यांनी यायचा, तोही दूरच्या ठाण्यांवर रखडत. रेशन म्हणजे सुमारे 510 ग्रॅम पीठ आणि 340 ग्रॅम खारवलेलं डुकराचं मांस, किंवा त्याऐवजी गोमांस. मुलांसाठी वेगळा शिधा नव्हता, दूध-भाजी तर नाहीच. म्हणून कोंबड्या पाळायच्या, जमलं तर गाय. घरात सतत पाणी तापत असल्यामुळे लाकूड आणि पाणी आणणं हे मुलांचं रोजचं काम.

अधिकाऱ्याच्या मुलाचं घर चांगलं, हाताखाली बहुधा एखादा सैनिक गडी. पण नियमांच्या लेखी त्याची आई कुणीच नव्हती. तिच्या नावावर रेशन नव्हतं. खोल्या हुद्द्याप्रमाणे: सेकंड लेफ्टनंटला, म्हणजे सर्वांत खालच्या अधिकाऱ्याला, एक खोली आणि स्वयंपाकघर, मग घरात पोरं कितीही असोत. वरच्या हुद्द्याचा माणूस बदलून आला की तो हवं ते घर निवडी, तिथला कनिष्ठ आपल्या खालच्याला उठवी, आणि एका बदलीपायी तीन-चार कुटुंबांची बिऱ्हाडं हलत. हक्काचं म्हणाल तर परटिणीच्या मुलाची बाजूच भक्कम होती. 1878 च्या कायद्याने परटिणींची सोय बंद केली, तेव्हा तीही गेली.

शाळेत दोघं एकत्र येऊ शकत. 1866 पासून फोर्टवर शाळा असणं कायद्याने बंधनकारक होतं. शिकवायचा पाद्री, नाहीतर नेमलेला सैनिक. अडचण इथेच यायची: कंपनी मोहिमेवर निघाली की गुरुजीही निघाले. अधिकारी मग मुलांना घरीच शिकवत, जरा मोठी झाली की पूर्वेकडे नातेवाइकांकडे पाठवत. सैनिकाच्या मुलाला तो रस्ता क्वचितच मोकळा असे.

न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सेल्डनवर वाढलेला, पुढे अमेरिकी सैन्यात जनरल झालेला डग्लस मॅकआर्थर कॅप्टनचा मुलगा. ॲरिझोनातल्या व्हिपल बॅरक्सवर वाढलेला, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेल्लो ला ग्वार्दिया बँडमास्तरचा. आठवणी लिहिल्या त्या मुख्यतः अधिकाऱ्यांच्या घरच्यांनी, त्यामुळे आपल्यापर्यंत पोचलेलं चित्र एकाच ओळीतल्या घरांचं आहे. दुसऱ्या ओळीतली मुलं शोधायची तर 1870 च्या जनगणनेची फोर्टवरची पानं उघडावीत. तिथे परटिणीच्या नावाखाली मुलांची नावं आणि वयं सापडतात.