तंबोऱ्याविना षड्ज

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या प्रार्थनागृहात १९८० मध्ये 'टॅलिस स्कॉलर्स' या गायकवृंदाने सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराचा, पोप मार्सेलसच्या नावाने ओळखला जाणारा सहा आवाजांचा मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या प्रार्थनांची गायनरचना, ध्वनिमुद्रित केला. १५६७ मध्ये छापल्या गेलेल्या या रचनेत सहा स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात आणि साथीला एकही वाद्य नसते. अशी ध्वनिमुद्रणे ऐकताना स्वरमेळाचा गोडवा पहिल्याच क्षणी जाणवतो. मात्र त्या गोडव्यातच एक गणिती अडचण दडलेली आहे.

आधी गोडव्याचे पाहू. सा २४० हर्ट्झ धरला, तर त्याच्याशी पूर्ण मिळणारा गंधार ३०० आणि पंचम ३६० हर्ट्झचा येतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार याच प्रमाणातला असतो. हार्मोनियमचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ हर्ट्झचा असतो. त्यामुळे सा आणि ग एकत्र धरले की त्यांचे वरचे उपस्वर एकमेकांवर नेमके बसत नाहीत आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज थरथरतो. आवाजात फारसा कंप न ठेवता गाणारा कसलेला वृंद ही थरथर कानाने हेरून काढून टाकतो.

अडचण पुढे आहे. तंबोऱ्यासारखा अखंड षड्ज नसल्यामुळे प्रत्येक गायक आपला सूर शेजारच्या आवाजाशी जुळवतो. समजा, सा (२४०) धरलेला असताना कुणी त्याच्याशी शुद्ध धैवत लावला. तो ४०० हर्ट्झचा झाला. त्या धैवताखाली पाच स्वरांवरचा रिषभ जुळवला, तर तो २६६.७ येतो. त्या रिषभाशी मिळणारा वरचा पंचम ३५५.६ येतो, ३६० नव्हे, आणि त्या पंचमाखालचा सा भरतो २३७. एकही स्वर बेसूर न लावता षड्ज तीन हर्ट्झने उतरला! हे अंतर ८१:८० या प्रमाणाचे, म्हणजे साधारण पाव सुराहूनही कमी, अर्ध्या सुराच्या एक-पंचमांशाएवढे आहे. आपल्याकडच्या श्रुतिचर्चेत प्रमाणश्रुतीचे माप अनेक अभ्यासक हेच धरतात. हीच फेरी पाच वेळा झाली, तर सबंध अर्धा सूर जातो.

ही गोष्ट त्या काळीच लक्षात आली होती. इटालियन गणिती जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती याने १५६३ च्या सुमारास संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला लिहिलेल्या पत्रांत, प्रत्येक फेरीला सूर एवढाच चढत जाईल असे उदाहरण मांडून दाखवले. ती पत्रे १५८५ मध्ये छापली गेली. गायकांना कुठेतरी तडजोड करावीच लागते, हा त्याचा निष्कर्ष आजही लागू आहे. वृंदाचा सूर उतरण्यामागे दमसास आणि थकवा हीही कारणे असतात, पण सगळा दोष गायकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

मैफलीत सूर हळूहळू सरकला, तर श्रोत्याला सहसा कळत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र ते लगेच उघडे पडते, कारण तबकडीवरचा सलग वाटणारा मिस्सा अनेक वेळा गायलेल्या तुकड्यांतून जोडलेला असतो. सकाळी गायलेल्या तुकड्याचा शेवट २३७ वर आणि संध्याकाळी गायलेल्या तुकड्याची सुरुवात २४० वर असेल, तर जोडाच्या जागी कानाला ठेच लागते. म्हणून प्रत्येक तुकड्याआधी सूर पुन्हा दिला जातो, आणि सरकणारे अंतर एकाच जागी न पडता थोडेथोडे वाटले जाईल, असे गायक आपल्या कानाने सांभाळतात.

त्यात दगडी वास्तूच्या घुमाऱ्याची भर पडते. उंच छताखाली एक स्वरमेळ संपला तरी त्याचा नाद काही सेकंद रेंगाळतो आणि पुढचा मेळ त्याच्यावरच उभा राहतो. गायकांना या रेंगाळणाऱ्या नादाचा आधार होतो, कारण मागचा सूर अजून कानात असतो. जोडणी करणाऱ्याला मात्र तो नाद कापता येत नाही. मधूनच गाणे सुरू केले, तर मागच्या मेळाची शेपटी तिथे नसतेच आणि जोड कोरडा वाटतो. म्हणून दुरुस्ती दोनच मात्रांची असली, तरी वृंद काही ओळी आधीपासून गात येतो आणि हव्या त्या जागी मागचा घुमारा भरलेला असतानाच पोचतो.